चिंचा पाडायची काठी

“...म्हणजे चांगलं होतं की वाईट, एवढं तरी सांगाल की नाही, सर?”

सर सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. निवडत राहिले.

विचारणारा उभाच. मी बसायला पाट दिला होता, त्याच्याभोवती याच्या फेऱ्या चाललेल्या. चिंचेपासून पायरीपर्यंत, पायरीपासून परत चिंचेपर्यंत. अंगण सकाळीच सारवलेलं, अजून नीट वाळलं नव्हतं. त्यावर बुटांचे ठसे.

“साहेब, बूट,” मी म्हटलं.

“हो, हो,” म्हणाला आणि बुटांसकट चिंचेकडं गेला.

सर म्हणजे चांदोरकर सर. शहरातल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. बायको गेल्यावर नोकरी सोडून आमच्या वारणेकाठच्या मठात एक खोली घेऊन राहिले. मठाचं रांधप आणि झाडलोट माझ्याकडं असते. सर कीर्तनाला बसत नाहीत, कुणाला उपदेश करत नाहीत, पूजेला हात लावत नाहीत. शेंगा निवडतात. तरी त्यांच्याकडं माणसं येतात. का येतात ते मला अजून कळलेलं नाही.

हा आलेला हेरंब मालशे. सरांचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे काय, साठीला टेकलेला, डोक्यावरचे केस गेलेला. स्वतःच मोठा प्रोफेसर. विषय कंट्रोल सिस्टीम्स.

ते काय असतं, असं मी एकदा विचारलं होतं.

“यंत्र काय करतंय ते बघायचं, अप्पा. चुकलं की सावरायचं. परत बघायचं. परत सावरायचं.”

“म्हणजे सासूचं काम.”

सर हसले होते. मालशे हसला नव्हता.

दर थोड्या वर्षांनी हा माणूस मठात यायचा. हातात पेढ्यांचा पुडा, तोंडात काहीतरी नवीन झालेलं. लेक्चरर झाला, आला. परदेशात बोलावलं, आला. तिथलं सोडून परत आला, तेव्हाही आला. एवढी माणसं तिकडं राहायला धडपडतात आणि हा परत कशाला आला, ते मी विचारलं होतं. म्हणाला, सरांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते सांगितलं नाही. पुस्तक निघालं. विभागाचा प्रमुख झाला. पेढे मी खाल्ले, उरलेले मुंग्यांनी.

सर प्रत्येक वेळी एकच शब्द बोलले.

“सगळ्याला बरं म्हणालात,” मालशे आता म्हणत होता. “प्रोफेसर झालो, बरं. पुस्तक, बरं. माझ्या सूत्राला लोक माझं नाव देतात सर, जगभर मालशे कसोटी म्हणून शिकवतात. ते सांगायला रात्रभर गाडी चालवत आलो होतो. तेव्हाही...”

“बरं म्हणालो असेन.”

“बरं म्हणालात.”

“मग बरंच होतं की.”

एक किडकी शेंग सरांनी बाजूला टाकली. कोंबडीनं उचलली.

“आज पेढे नाहीत वाटतं,” मी म्हटलं.

नव्हतेच. खांद्याला पिशवी होती, तीही त्यानं उतरवली नव्हती. आता उतरवली आणि पायरीवर आपटली. आतून कागदांचा जाड गठ्ठा डोकावला.

“माझी एक विद्यार्थिनी आहे, सर. उर्मिला तांडेल. मालवणची. वडील होडीवर जातात. हुशार म्हणजे... माझ्या हाताखालून एवढे गेले, अशी कुणी नव्हती. पीएच.डी.चं सहावं वर्ष चाललंय. प्रबंध पुरा आहे.”

“मग?”

“माझी सही राहिलीय.”

“मग कर.”

“करता येत नाही.”

तो परत चालू लागला. उन्हं चढली होती. चिंचेपलीकडं जुन्या धोतरावर मी उत्सवाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या वाचवण्यासाठी मी तिकडं जाऊन उभा राहिलो.

“तिनं काल सांगितलं, आज दुपारपर्यंत सही द्या, नाहीतर मी चालले. घराजवळच्या कॉलेजात तात्पुरती नोकरी मिळालीय. उद्या तिथं हजर व्हायचंय. एकदा गेली की परत येणार नाही. मी ओळखतो तिला. सहा वर्षं पाण्यात जातील.”

“तिची.”

“तिचीच. माझं काय...”

“तुझी डायरेक्टरच्या जागेची मुलाखत कधी आहे?”

मालशे थबकला. “त्याचा इथं काही संबंध नाही.”

“मी नुसतं विचारलं.”

“पुढच्या आठवड्यात. आणि समजा असलाच संबंध, तरी काय चुकलं? आयुष्यभर कमावलेलं नाव आहे. शेवटी शेवटी माझ्या सहीनं चुकीचा प्रबंध बाहेर पडला, तर लोक तेवढंच लक्षात ठेवतील.”

“तिच्या कामात चूक आहे?”

“आहे असं वाटतं.”

“कुठं?”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“...सापडत नाही.”

“मग काय म्हणून परत पाठवतोस?”

“काही ना काही असतंच की, सर. आकृती नीट नसते. मांडणी सैल असते. सोमवारी मी सांगतो, ती दुरुस्त करायला घेते. ती घेऊन यायच्या आत मला दुसरं दिसतं, ते बुधवारी सांगतो. मग पहिलं बिघडतं. मग ते सांगतो. हल्ली तर तिचं पहिल्यापेक्षा वाईट व्हायला लागलंय. परवा तिनं मीच खोडलेलं वाक्य परत लिहून आणलं.”

“एक झालं की नाही ते बघायच्या आधी दुसरं सांगतोस?”

“वेळ कुठं असतो थांबायला?”

“वर्गात काय शिकवतोस यावर?”

“कशावर?”

“उत्तर यायच्या आधी परत ढकललं तर यंत्राचं काय होतं?”

“हेलकावे खातं. वाढत जातात. मग मोडतं.” पाढे म्हटल्यासारखं म्हणून गेला आणि तसाच पुढं चालू लागला.

मी सरांकडं बघितलं. सर शेंगांकडं बघत होते.

“आणि हे मी का करतो, विचारा ना,” मालशे चिंचेजवळून ओरडला. “तुमच्यामुळं करतो.”

“बरं.”

“बरं नाही. माझा प्रबंध तुम्हाला आणून दिला. तुम्ही तो महिनाभर ठेवलात. त्या महिन्यात मी... जाऊ दे. महिन्यानं परत दिलात तेव्हा शेवटच्या पानावर सही. बाकी सगळं कोरं. समासात रेघ नाही. शाईचा ठिपका नाही. वाचलंत की नाही, मला कळलं नाही. आवडलं की नाही, कळलं नाही. त्या दिवशी ठरवलं. माझ्या विद्यार्थ्याला मी असं अधांतरी सोडणार नाही. रोज सांगेन. प्रत्येक ओळीचं सांगेन.”

सरांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले. चिंचेला माझी चिंचा पाडायची काठी टेकवून ठेवलेली असते. वेळूची, छातीला लागेल एवढी. ती घेतली, मालशेपुढं धरली.

“धर.”

मालशेचा चेहरा एकदम बदलला. पहिल्यांदा हसला.

“पहिल्याच तासाला तुम्ही हे करून दाखवलं होतंत. वर्ग गप्प झाला होता.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “अप्पा, याच्यावर मी अख्खं यंत्र बनवलंय. संस्थेच्या दारात काचेत ठेवलंय. छोटी गाडी, तिच्यावर काठी. गाडी मागंपुढं धावते आणि काठी पडू देत नाही. मंत्री आले की आधी तेच दाखवतात.”

“आणि गाडी थांबते कधी?”

“थांबली तर पडेल ना.”

त्यानं तळहात पसरला. काठीचं बूड त्यावर ठेवलं, दुसरा हात काढून घेतला.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, पडेल. पडली नाही. त्याची नजर पार वर, काठीच्या शेंड्यावर. शेंडा जरा डावीकडं गेला की हात डावीकडं. पुढं कलला की हा दोन पावलं पुढं. काठी आभाळात सरळ उभी, जशी जमिनीतून उगवलीय. या वयात असं करणं सोपं नाही. मी मान डोलावली.

सरांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “अप्पा, पान वाढता का?”

मी आत गेलो. पिठलं-भाकरी होती. सर जेवायला बसले. सावकाश जेवतात ते. मी दारातून बाहेर बघत होतो.

मालशे अंगणभर फिरत होता. मान वर, हात पुढं. घाम कानामागून सदऱ्यात चाललेला.

“अहो, ठेवा ती खाली,” मी म्हटलं. “भाकरी निवतेय.”

“सरांनी ठेव म्हटलेलं नाही.”

“तुम्ही काय शाळेत आहात का?”

शेंडा उजवीकडं कलला, हा उजवीकडं पळाला. पुढं कलला, पुढं. धोतराच्या काठावर आला. मी ओरडेपर्यंत धोतरावर चढला. कुरडया अशा वाजल्या, जशी पाचोळ्यात म्हैस शिरली.

“कुरडया. अहो माझ्या कुरडया.”

“काय?” नजर वरच. आणखी दोन पावलं. आणखी मोडल्या.

दोन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून केलेलं. मी तोंडाला येईल ते बोललो. ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात पायरीवरच्या पिशवीत फोन वाजला.

मालशेचा हात हलला. काठी डुलली. त्यानं सावरली.

“बघा हो अप्पा, कुणाचा आहे.”

मी काढून बघितला. एवढी अक्षरं मला लागतात. “उर्मिला.”

फोन वाजत होता.

“घेता?”

“आत्ता कसा घेऊ?”

“काठी टाका आणि घ्या.”

फोन वाजून वाजून बंद पडला. जरा वेळानं परत वाजला. या वेळी त्यानं वर बघत बघतच डोळे मिटल्यासारखे केले, पण मिटले नाहीत. मिटले असते तर पडली असती. फोन परत बंद पडला.

काठी उभीच होती.

सर हात धुऊन बाहेर आले. नेसल्या धोतराला हात पुसत त्यांनी मोडलेल्या कुरडया बघितल्या. मग मालशेकडं बघितलं.

“अजून धरलीयेस?”

“तुम्ही...” त्याला धाप लागली होती. “तुम्ही ठेव म्हणाला नाहीत.”

“फोन कुणाचा होता?”

“त्या पोरीचा,” मी म्हटलं. “दोनदा.”

सर जवळ गेले. त्याच्या तळहातावरून काठी उचलली, जसं पोराच्या डोक्यावरची टोपी काढावी. उलटी केली. वरचं टोक दोन बोटांत धरलं आणि बाकी काठी खाली सोडून दिली.

काठी झुलली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“अप्पा, ताक उरलंय का?”

“वाटीभर असेल.”

“याला द्या. मीठ घालून.”

काठी जरा कमी झुलली. मग आणखी कमी. मी ताक घेऊन आलो तोवर थांबली होती. त्याच दोन बोटांत, सरळ.

मालशे तिच्याकडं बघत होता.

“सर, हे तर... हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात.”

“हो.”

“हे मला माहीत आहे.”

“हो ना.”

ताकाचं भांडं त्यानं हातात घेतलं. प्याला नाही.

“तुझ्या प्रबंधात चूक होती, हेरंब,” सर म्हणाले.

मी मठात इतकी वर्षं आहे. सरांनी त्याला नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

“कुठं?” आवाज इतका बारीक की नदीवरच्या धुण्यात बुडाला.

“तिसऱ्या प्रकरणात. यंत्राला कळायला वेळ लागतो. कळलेलं हातापर्यंत यायला वेळ लागतो. तो उशीर तू धरलाच नव्हतास. चुकलं की लगेच कळतं, कळलं की लगेच वळतं, असं मानून सगळं रचलंस. वरून देखणं होतं. खाली पोकळ.”

मालशे खाली बसला. पाटावर नाही. सारवलेल्या जमिनीवर, चांगल्या पँटीसकट.

“ती... ती मला सापडली होती,” तो म्हणाला. “पण नंतर. पदवी मिळाल्यावर. पुण्यात भाड्याची खोली होती, एक दिवस सहज चाळत होतो आणि... सर, मला अन्न जाईना. वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही तोंड बघणार नाही माझं. कुणाला सांगितलं नाही. वर्ष-दीड वर्ष तिच्याशीच झगडत होतो. आणि त्यातूनच...”

“हं.”

“मालशे कसोटी त्यातूनच निघाली. सगळं त्यातूनच निघालं. परदेशातलं बोलावणं, पुस्तक, सगळं. ती चूक नसती तर मी...” तो थांबला. “तुम्हाला तेव्हाच दिसली होती?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“आणि महिनाभर ठेवून घेतलात.”

“हो.”

“मग उरलेले दिवस काय करत होतात?”

सरांच्या बोटांतली काठी किंचित हलली. वारा नव्हता.

“रोज लाल पेन हातात घ्यायचो,” सर म्हणाले. “आणि खाली ठेवायचो. फार जड गेलं ते.”

ताप येऊन गेल्याचं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

मालशे त्यांच्याकडं नुसता बघत राहिला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा एकही अवयव हलत नव्हता.

फोन वाजला.

मी त्याच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला.

“हं, उर्मिला... नाही, नाही, ऐक. हात गुंतले होते माझे.” तिकडून ती काहीतरी सांगत होती, भरभर. एसटीचा, माणसांचा गलका ऐकू येत होता. गाडीत चढायच्या बेतात असावी. “ऐक तर. ते चौथं प्रकरण आहे ना, त्यात मला अजून...”

त्याची नजर सरांच्या हाताकडं गेली. काठी लोंबत होती. स्वस्थ.

तोंड उघडंच राहिलं त्याचं. मी बघत होतो, आत शब्द आला होता. जिभेवर होता.

“...काही नाही,” तो म्हणाला. “सही करतोय. आत्ता. इथंच. तू जा, हजर हो, बाकीचं ऑफिसातून मी बघतो.”

मग ती काहीतरी बोलली, दोनचार शब्द.

मालशेनं डोळे मिटले. मोठा श्वास घेतला.

“बरं,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

“काय विचारत होती?” मी म्हटलं.

“विचारत होती, ‘सर, चांगलं झालंय ना?’”

मला हसू आवरेना. मोडलेल्या कुरडयांचा राग होता, तरी आवरेना. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प झालो.

मालशेनं गठ्ठा बाहेर काढला. पानापानाला लाल रेघा. इतक्या की कागद तापल्यासारखा दिसत होता. त्यानं शेवटचं पान काढलं, ते पांढरं होतं. पाट उलटा मांडीवर घेतला आणि त्यावर पान ठेवून सही केली. पेनाला टोपण लावलं.

मग ताक प्याला. एका दमात.

बूट काढून हातात घेतले, अनवाणी पायांनी कडेकडेनं पायरीपर्यंत गेला. पिशवी खांद्याला लावली. निघाला. फाटकापाशी गेला आणि थांबला. मला ठाऊकच होतं, थांबणार. पाठ फिरवून जाणाऱ्यातला नव्हता तो.

“सर.”

सर काठी चिंचेला टेकवून ठेवत होते.

“तिच्या कामात खरंच चूक असली तर?”

सरांनी सूप उचललं. पायरीवर बसले. एक शेंग घेतली, कानापाशी नेऊन वाजवून बघितली.

“असू दे. पुढं कामी येईल तिच्या.”